एकविसांपैकी नऊ : एका पूर्वपक्षास उत्तर

कोणत्याही वादात उतरण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे शक्य तितक्या सबळ रूपात मांडावे आणि मगच त्याचे खंडन करावे, असा आपल्याकडील जुन्या शास्त्रकारांचा दंडक असे. तो पाळण्यात औदार्यापेक्षा व्यवहारच अधिक असतो, कारण आधी दुबळे करून घेतलेल्या मताचा पाडाव केल्याने वाचकाच्या पदरात काहीच पडत नाही. म्हणून रत्नागिरीतील सुशिक्षित, बहुश्रुत आणि बहुधा पेन्शनर अशा मंडळींच्या तोंडून गेली काही वर्षे जे एक प्रतिपादन निरनिराळ्या शब्दांत ऐकू येते, ते प्रथम त्यांच्याच बाजूने येथे नमूद करतो.

२०२१ सालच्या जून महिन्यात करोनाच्या ‘डेल्टा प्लस’ नावाच्या उपप्रकाराचा बागुलबुवा उभा करून रत्नागिरी जिल्ह्याची देशभर बेअब्रू करण्यात आली. वर्तमानपत्रांनी नकाशे छापले, गावांच्या वेशी बंद झाल्या, मुंबईच्या चाकरमान्यांनी गावाकडे येण्याचे बेत रहित केले. आणि एवढे सगळे होऊन त्या उपप्रकाराने पुढे काहीएक केले नाही. सबब विषाणूंच्या उपप्रकारांचे हे संशोधन म्हणजे भयाचा व्यापार होय. येथवर प्रतिपादनाचा पूर्वार्ध झाला. उत्तरार्ध असा की याच काळात पाश्चात्त्य विद्यापीठांनी एका जातीच्या भूछत्रातील सायलोसायबिन नामक द्रव्यावर प्रयोग करून ते विषादावर रामबाण असल्याचे सिद्ध केले. हे द्रव्य म्हणजे वेदांतील सोमच. आपल्या सरकारने पाश्चात्त्यांच्याच सांगण्यावरून त्यावर बंदी घातली आणि आता पाश्चात्त्यच ते औषध म्हणून आपल्याला विकणार. तेव्हा ती बंदी उठवावी आणि ज्या गावात १८८६ सालापासून मनोरुग्णालय आहे त्या रत्नागिरीतच त्याचा आरंभ करावा.

या दोन अर्धांची गाठ मोठी विलक्षण आहे. प्रयोगशाळेतून आलेली एक वार्ता अप्रिय असल्यामुळे खोटी ठरते आणि दुसरी प्रिय असल्यामुळे खरी. ज्या गृहस्थांस ७,५०० नमुन्यांची तपासणी संशयास्पद वाटते त्यांसच ५९ रुग्णांवरील एक चाचणी निर्विवाद वाटते. माझे म्हणणे इतकेच आहे की संशोधनाचा निष्कर्ष कोणाविषयी आहे, त्यात कोण मोजले गेले आणि कोण गणतीबाहेर राहिले, हे विचारल्यावाचून तो मान्यही करता येत नाही आणि अमान्यही करता येत नाही. आणि हा प्रश्न प्रतिपक्षाने दोन्ही ठिकाणी विचारलेला नाही.

प्रथम दप्तरी काय आहे ते पाहू. २१ जून २०२१ रोजी राज्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी जाहीर केले की १५ मेपासून राज्यभरातून घेतलेल्या सुमारे ७,५०० नमुन्यांच्या जनुकीय क्रमनिर्धारणात डेल्टा प्लसचे २१ रुग्ण आढळले असून त्यांपैकी ९ रत्नागिरीचे, ७ जळगावचे, २ मुंबईचे आणि पालघर, ठाणे व सिंधुदुर्ग येथील प्रत्येकी एक आहे. दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने हा उपप्रकार चिंताजनक वर्गात घातला. त्याच आठवड्यात संगमेश्वर भागातील, अन्य व्याधी असलेल्या एका वृद्ध स्त्रीच्या मृत्यूचे वृत्त आले आणि २५ जून रोजी राज्याने फर्मान काढले की कोणत्याही जिल्ह्यातील निर्बंध तिसऱ्या स्तराखाली आणू नयेत. अवघ्या पाच दिवसांत ‘नऊ’ हा आकडा विज्ञानाच्या हातून प्रशासनाच्या हाती, आणि तेथून मथळ्यांच्या हाती गेला. आणि प्रत्येक हस्तांतरात त्याच्यासोबत निघालेल्या अटी थोड्या थोड्या गळत गेल्या.

त्या अटी कोणत्या होत्या? त्या वेळच्या योजनेप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यातून दरमहा शंभर नमुने दिल्लीच्या आयजीआयबी या केंद्रीय संस्थेकडे क्रमनिर्धारणासाठी जावयाचे होते. नमुना निवडताना ज्याच्या नाका-घशातील स्रावात विषाणूचे प्रमाण पुरेसे आहे अशाच रुग्णाचा घ्यावा लागतो, कारण प्रमाण अल्प असेल तर सुमारे तीस हजार अक्षरांची ती जनुकीय संहिता सलग वाचताच येत नाही. म्हणजे जिल्ह्यात रोज शेकडो नवे रुग्ण निघत असताना महिन्याकाठी शंभरांची, आणि तीही निवडक शंभरांची, संहिता वाचली जाई. नऊ हा त्यातला अंश होता. मथळ्यांत छेदाचा पत्ता नव्हता. शिवाय बातम्यांत नाव वारंवार येत होते ते संगमेश्वर तालुक्याचे. एकाच टापूतील रुग्ण जर एकमेकांच्या संसर्गातून आजारी पडलेले असतील, तर ते नऊ स्वतंत्र साक्षीदार ठरत नाहीत. ती एकाच साक्षीदाराची नऊ वेळा घेतलेली जबानी होते. तिच्यावरून एवढे म्हणता येते की या टापूत अशी एक साखळी आहे, तिच्यावर नजर ठेवावी. सोळा लाख वस्तीचा सबंध जिल्हा या उपप्रकाराने ग्रासला, असे म्हणण्यास ती जबानी तोकडी पडते. आणि हा उपप्रकार अधिक घातक आहे की नाही, या प्रश्नाला तर ती स्पर्शही करत नाही.

येथपर्यंत प्रतिपक्ष आनंदाने माझ्यासोबत येईल, आणि पुढचेही एक पाऊल त्याला आवडेल. केंद्राने हा उपप्रकार चिंताजनक ठरवताना त्याची अधिक संसर्गक्षमता, फुप्फुसातील पेशींना अधिक घट्ट चिकटणे आणि विशिष्ट प्रतिपिंडांना कमी दाद देणे अशी तीन लक्षणे सांगितली, तेव्हा त्यांच्या पाठीशी असलेला पुरावा फार विरळ होता. मूळ डेल्टाच्या काटेरी प्रथिनात ४१७ व्या स्थानी एक अमिनो आम्ल बदलले होते. तोच बदल दक्षिण आफ्रिकेत आढळलेल्या बीटा या उपप्रकारात पूर्वी दिसला होता. आणि बीटा काही प्रतिपिंडांना चुकवतो, म्हणून हाही चुकवील, असे ते अनुमान होते. अनुमान करण्यास हरकत नाही, पण ते अनुमान आहे असे सांगण्याची तसदी घ्यावयास हवी होती. देशातील अनेक विषाणुतज्ज्ञांनी त्याच आठवड्यात उघडपणे तसे बजावलेही. सरकारी खुलाशांची भाषा तेव्हा फाजील निश्चयाची होती, ही तक्रार मला मान्य आहे.

परंतु यापुढे आमचे मार्ग फुटतात. ‘पुढे काहीएक झाले नाही’ हे प्रतिपक्षाला कळले कोठून? रस्त्यावर उभे राहून डेल्टा आणि डेल्टा प्लस यांतील फरक कोणास दिसत नाही. खोकला दोहोंचा सारखाच असतो. ते कळले ते देशातील क्रमनिर्धारण करणाऱ्या प्रयोगशाळांच्या इन्साकॉग या संघाने पुढच्या आठवड्यांत हजारो नमुन्यांच्या संहिता वाचल्या म्हणून. त्या संघाच्या पत्रकानेच पुढे म्हटले की हा उपप्रकार मूळ डेल्टाहून अधिक संसर्गक्षम असण्याचा संभव कमी आहे, जूनमधील उपलब्ध संहितांत त्याचे प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे, आणि रत्नागिरी, जळगाव, भोपाळ व चेन्नई या चार ठिकाणीही त्याची झपाट्याने वाढ होत असल्याचे चिन्ह नाही. ऑगस्टच्या पूर्वार्धात राज्यातील अशा रुग्णांची संख्या ४५ झाली. त्यांत जळगावचे १३ आणि रत्नागिरीचे ११ होते. दोन महिन्यांत नवाचे अकरा. ज्या तपासणीने रत्नागिरीवर ठपका ठेवला असे म्हणतात, त्याच तपासणीने रत्नागिरीस निर्दोष सोडले. आणि प्रतिपक्ष निकालाची प्रत खिशात घालून न्यायालयच बोगस असल्याची फिर्याद करत फिरत आहे.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की या फिर्यादीत मूळ डेल्टाचा उल्लेखही येत नाही. डेल्टा ज्यातून निघाला त्या बी.१.६१७ या वंशाच्या पहिल्या संहिता महाराष्ट्रातील नमुन्यांतून ऑक्टोबर २०२० मध्येच निघाल्या होत्या. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती आणि विदर्भाच्या अन्य भागांत रुग्णसंख्या अकस्मात चढली. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातील नमुन्यांत दोन लक्षणीय बदल एकत्र आढळल्याचे सांगितले. १८ एप्रिल रोजी राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. आणि ११ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तो वंश चिंताजनक ठरवला, तेव्हा प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी धावाधाव करणाऱ्यांना हे कोणी सांगण्याची आवश्यकता उरली नव्हती. इन्साकॉगची स्थापना डिसेंबर २०२० मध्ये झाली तेव्हा बाधित नमुन्यांपैकी पाच टक्क्यांच्या संहिता वाचण्याचा मनोदय होता. प्रत्यक्षात प्रारंभीच्या महिन्यांत त्याच्या जवळपासही काम गेले नाही. डेल्टाच्या वेळी संहिता थोड्या वाचल्या आणि उशिरा ऐकल्या. डेल्टा प्लसच्या वेळी त्या वेळेवर वाचल्या आणि गरजेपेक्षा मोठ्याने सांगितल्या. पहिल्या प्रमादाने माणसे गेली, दुसऱ्याने पर्यटक गेले. या दोहोंत ज्यास दुसराच तेवढा आठवतो, त्याच्या स्मरणशक्तीचे नियमन कोण करते हे त्याने स्वतःस विचारावे.

आता निर्बंधांविषयी. त्या जूनमध्ये जिल्ह्यांची स्तरवारी ठरत होती ती बाधितांचे प्रमाण आणि प्राणवायूच्या खाटांची व्याप्ती या दोन मापांवर. आणि महिन्याच्या आरंभीच, म्हणजे डेल्टा प्लसचे नाव येथे कोणी ऐकलेही नव्हते तेव्हा, रत्नागिरी चौथ्या स्तरात होती. तपासलेल्या माणसांत बाधितांचे प्रमाण जास्त होते, हे त्याचे साधे कारण. २५ जूनच्या हुकुमाने तिसऱ्या स्तराखाली उतरण्यास मनाई केली खरी. पण जो जिल्हा चौथ्या पायरीवर उभा आहे त्याला दुसऱ्या पायरीवर उतरण्याची बंदी त्या घडीस कितीशी जाचणार? आमची दुकाने लवकर बंद होत होती ती उपप्रकारामुळे नव्हे, तर साध्या, निनावी, भरपूर संसर्गामुळे. परंतु संसर्गाचा दोष आपल्याकडे येतो आणि उपप्रकाराचा प्रयोगशाळेकडे जातो, म्हणून उपप्रकार अधिक सोयीचा.

बेअब्रूचा मुद्दा मात्र पोकळ नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी ओमायक्रॉनची वार्ता तत्परतेने जगास दिली आणि तिचे बक्षीस म्हणून काही दिवसांतच त्या देशाची विमाने ठिकठिकाणी रोखण्यात आली. जो शोधतो त्याच्या नावावर शोधलेल्या वस्तूचा डाग लागतो. मग पुढच्या वेळी एखादा तालुका वैद्यकीय अधिकारी नमुने पाठवताना दोनदा विचार करील, आणि त्याला दोष देणे अवघड जाईल. याचा इलाज नमुना पाठवणाऱ्याची पाठराखण करणे हा आहे. ‘तपासणीच थोतांड’ असा कौल देणारी मंडळी नेमक्या उलट्या दिशेने चालली आहेत. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र निघाले, पुढे तीच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाली. सह्याद्रीच्या याच रांगेत दक्षिणेकडे १९५७ साली क्यासनूर जंगलात माकडतापाचा विषाणू तिने हुडकला, आणि अलीकडे तोच ताप सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग-बांदा भागापर्यंत येऊन ठेपला. अशा मुलखात राहून विषाणूंची मोजदाद नको म्हणणे हे कोकणी माणसाच्या हिशेबी स्वभावासही शोभत नाही.

आता उत्तरार्धाकडे वळतो; येथे प्रतिपक्षाचा आवाज बदलतो, संशयाची जागा श्रद्धा घेते.

सोमापासून आरंभ करू. सोम म्हणजे भूछत्र हे मत वेदाभ्यासकांच्या परंपरेतून आलेले नाही. ते गॉर्डन वॉसन नावाच्या, व्यवसायाने बँकेत अधिकारी असलेल्या एका अमेरिकन गृहस्थाने १९६८ साली ग्रंथरूपाने मांडले. आणि त्यांनी पुढे केलेले भूछत्र म्हणजे तांबड्या टोपीवर पांढरे ठिपके असलेले, भूर्ज आणि सूचिपर्णी वृक्षांच्या मुळांशी वाढणारे अमानिता मस्कारिया हे होय. त्यातील गुंगी आणणारे द्रव्य मस्किमॉल. सायलोसायबिनचा त्यात लवलेश नाही. सायलोसायबिन ज्यात असते ते सायलोसायबी क्युबेन्सिस हे भूछत्र गुराढोरांच्या शेणावर उगवते, आणि तेच सोम होय असे टेरेन्स मकेना या दुसऱ्या अमेरिकन लेखकाने १९९२ साली लिहिले. म्हणजे ‘सोम भूछत्र होते’ या एका वाक्याच्या पोटात परस्परांस खोडणारी दोन मते आहेत, आणि आमची मंडळी पहिल्याचा ग्रंथ दाखवून दुसऱ्याचे द्रव्य मागत आहेत.

वॉसन यांच्या मताची झडती जॉन ब्रफ या संस्कृतज्ञाने १९७१ साली घेतली. आणि पुण्याचे चिं. ग. काशीकर, ज्यांनी श्रौतकोशासारख्या प्रचंड संपादनकार्यात हयात घालवली, त्यांनी १९९० साली सोमाच्या ओळखीवर स्वतंत्र पुस्तक लिहून एफेड्रा या झुडपाच्या बाजूने कौल दिला. पारशी लोकांच्या यज्ञविधीत होम म्हणून आजही एफेड्राच्याच वाळलेल्या काड्या वापरतात. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात सोमाचे कांड दगडांनी ठेचतात, लोकरीच्या गाळणीतून रस गाळतात, त्यात दूध मिसळतात. हा सगळा खटाटोप चिवट काड्यांसाठी समजू शकतो, बोटाने दाबताच चिरडणाऱ्या अळंबीसाठी दगड कशाला? काशीकरांचे मत अंतिम मानावे असा माझा आग्रह नाही. पण वेदांच्या नावाने बोलणाऱ्यांनी जन्मभर श्रौतसूत्रांत वावरलेल्या मराठी पंडिताला वगळून अमेरिकन बँकरचा हवाला द्यावा, ही स्वदेशीची तऱ्हा मला अनाकलनीय आहे. आणि समजा, सोम भूछत्र होताच. तरी त्याने विषाद बरा होतो हे सिद्ध कसे व्हावे? वत्सनाभही प्राचीनच आहे.

या भूछत्रांची जी परंपरा खरोखर अखंड आहे ती मेक्सिकोतील माझातेक लोकांची. वॉसन १९५५ साली वाउत्ला दे हिमेनेस या गावी मारिया साबिना या वैदूबाईकडे रात्रीच्या विधीस बसले, १९५७ साली लाइफ मासिकात त्यांनी तो अनुभव छापला, आणि १९५८ साली बाझलच्या सँडोज कंपनीत आल्बर्ट हॉफमन यांनी त्या भूछत्रांतून सायलोसायबिन वेगळे काढले. मागाहून हौशी परदेशीयांचे लोंढे त्या डोंगराळ गावात लोटले. मारिया साबिनाचे घर जाळण्यात आले, आणि वॉसन यांस आपण विधी दाखवला याचा तिला पुढे पश्चात्ताप झाला. परंपरेच्या सन्मानाची गोष्ट काढायची तर तिचाही काही हिशेब लागतो.

आता ज्या प्रयोगांचा डंका वाजवला जातो ते प्रयोग. २००६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६ निरोगी माणसांस हे द्रव्य दिले आणि त्यांपैकी बहुसंख्यांनी तो अनुभव आपल्या आयुष्यातील अत्यंत अर्थपूर्ण अनुभवांत गणला. हे वाक्य रत्नागिरीत पोहोचले; पण ती छत्तीस माणसे सुशिक्षित होती, स्वखुशीने आली होती आणि पूर्वीपासूनच कोणत्या ना कोणत्या धार्मिक वा आध्यात्मिक साधनेत वावरणारी होती, हे पुढचे वाक्य कोठे तरी घाटातच अडकले. भाविकास देवळात देव दिसला, ही बातमी खोटी नसते. पण ती अभाविकास लागू करता येत नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील चाचणी प्रसिद्ध झाली. ५९ विषादग्रस्त रुग्णांपैकी ३० जणांस सायलोसायबिन आणि २९ जणांस एसिटालोप्राम हे नेहमीचे औषध देऊन सहा आठवड्यांनी मोजणी केली, तेव्हा आगाऊ ठरवून दिलेल्या मुख्य मापावर पहिल्या गटात सरासरी ८ गुणांची आणि दुसऱ्यात ६ गुणांची घट आली. आणि ही तफावत संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरली नाही. म्हणजे ज्या चाचणीचे नाव घेऊन एसिटालोप्रामला मोडीत काढले जाते, तिने ते मोडीत काढलेलेच नाही; दोन्ही गटांस उतार पडला, एवढेच तिने सांगितले.

२०२२ च्या नोव्हेंबरात त्याहून मोठी चाचणी आली : दहा देशांतील २३३ रुग्ण, ज्यांस आधीची औषधे लागू पडली नव्हती, कोणास २५ मिलिग्रॅम, कोणास १०, कोणास नाममात्र १. तिसऱ्या आठवड्यास मोठ्या मात्रेच्या गटात लक्षणांची घट ठळक होती, ३७ टक्के रुग्णांस लक्षणीय उतार होता, तर नाममात्र मात्रेच्या गटात १८ टक्क्यांस. हे यश आहे आणि ते मी नाकारत नाही. पण बाराव्या आठवड्यापर्यंत तो उतार टिकला तो मोठ्या मात्रेतल्याही सुमारे पाचांपैकी एकाचाच. डोकेदुखी, मळमळ, घेरी यांसारखे त्रास तीन चतुर्थांशांहून अधिक रुग्णांस झाले. आणि आत्मघाताचे विचार अथवा वर्तन तिन्ही गटांत आढळले. २०२५ च्या जूनमध्ये तिसऱ्या टप्प्याच्या पहिल्या चाचणीचा मुख्य निकाल जाहीर झाला, त्यात एका मात्रेचा निष्क्रिय गोळीवरील वरचष्मा ६० गुणांच्या मापावर ३.६ गुणांचा निघाला. रामबाणाचा पल्ला एवढाच असेल तर त्याला बाण म्हणावे, राम मध्ये आणू नये.

शिवाय या सर्व चाचण्यांस एक मूळव्याध जडलेली आहे. औषधाची परीक्षा निःपक्षपाती व्हावी म्हणून खरे औषध कोणास आणि फोल गोळी कोणास हे रुग्णासही कळू देत नाहीत आणि तपासणाऱ्यासही. सायलोसायबिनच्या बाबतीत हा पडदा तासाभरातच फाटतो. शरीरात त्याचे सायलोसिन होते, ते मेंदूतील सेरोटोनिनच्या एका ग्राहकाशी जोडले जाते, आणि चार-सहा तास भिंतींचे रंग हलू लागले की आपणास साखरेची गोळी मिळाली नाही हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही. ज्यास मिळाले तो आशेने उजळतो. ज्यास मिळाले नाही तो महिनोन् महिने वाट पाहून आल्यामुळे अधिकच खचतो. आणि या दोहोंतील अंतर मग औषधाच्या खाती जमा होते. संशोधक हे स्वतःच लिहितात. आमच्या प्रतिपक्षाने डेल्टा प्लसच्या बाबतीत दाखवलेल्या संशयाचा दशांश येथे खर्चला असता तर हे लेखन त्याच्या नजरेस पडले असते.

कायद्याविषयी थोडक्यात. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने सायलोसायबिन मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले आहे, हे खरे. पण त्याच कायद्याच्या आठव्या कलमाने वैद्यकीय आणि वैज्ञानिक प्रयोजन बंदीतून वगळले आहे. परवाना घेऊन रीतसर चाचणी करू इच्छिणाऱ्यास दार बंद नाही; दारावर अर्ज, नीतिसमितीची संमती आणि हिशेबाची वही मागणारा पहारेकरी आहे इतकेच. २०२५ च्या जानेवारीत केरळ उच्च न्यायालयाने अशी भूछत्रे बाळगल्याच्या एका प्रकरणात जामीन देताना भूछत्र हे ‘मिश्रण’ नव्हे असे म्हटले, त्याचाही हवाला आता येथे दिला जातो. मुद्देमालाचे वजन कसे धरावे हा तेथील प्रश्न होता. जामिनाच्या निर्णयातून औषधाचा गुण काढू पाहणे म्हणजे सातबाऱ्यावरून आंब्याची गोडी ठरवणे होय.

आणि जे कोणी चाचणी-परवान्याच्या भानगडीत न पडता पावसाळ्यात शेणावरचे भूछत्र थेट खाण्याचा सल्ला देतात, त्यांच्याविषयी मात्र माझा आवाज चढतो. चाचणीतील २५ मिलिग्रॅम हे प्रयोगशाळेत बनवलेले, तोललेले द्रव्य असते. रानातल्या दोन भूछत्रांत, एकाच शेणाच्या पोवर उगवलेल्याही, त्याचे प्रमाण सारखे नसते. आषाढ-श्रावणात वारुळावर उगवणारी अळंबी पिढ्यान् पिढ्या ओळखणारी आमची माणसेसुद्धा अनोळखी छत्रीला हात लावत नाहीत. शहरातून चार छायाचित्रे पाहून आलेला तरुण हे धाडस करतो, तेव्हा त्याच्या हाती सायलोसायबिनऐवजी यकृत जाळणारे एखादे विष येण्याचा धोका असतो. आणि तशा वेळी सोमाचा ग्रंथ उपयोगी पडत नाही, सिव्हिल हॉस्पिटलची गाडी लागते.

राहिला प्रश्न आमच्या मनोरुग्णालयाचा, आणि प्रतिपक्षाची खरी कसोटी येथे आहे. वर सांगितलेल्या चाचण्यांत रुग्ण घेताना ज्यांस किंवा ज्यांच्या निकटच्या नातेवाइकांस स्किझोफ्रेनियासारखा तीव्र मनोविकार वा उन्माद-विषादाचा द्विध्रुवी विकार झालेला आहे, त्यांस वगळण्याची रीत आहे. कारण भ्रम निर्माण करणारे द्रव्य भ्रमानेच पीडित असलेल्या माणसास देणे धोक्याचे आहे. आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात मुख्यत्वे दाखल होतात ते हेच रुग्ण. ज्यांस या संशोधनाने उंबऱ्यावरच थांबवले त्यांच्यासाठी या संशोधनाच्या नावाने औषध मागायचे, आणि ज्या सोळा लाखांविषयी नऊ नमुन्यांनी काहीच म्हटले नव्हते त्यांच्या बेअब्रूची फिर्याद करायची, या दोन्ही गोष्टी एकाच लेखणीतून उतरल्या आहेत.

विषादाचे रुग्ण म्हणाल, तर ते मनोरुग्णालयाच्या भिंतीआत थोडे आणि बाहेर फार आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत निरनिराळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांस कसलाच उपचार मिळत नसल्याचे आढळले. सायलोसायबिनच्या एका मात्रेसाठी आधी तयारीच्या बैठकी, प्रत्यक्ष दिवशी सहा ते आठ तास रुग्णाशेजारी बसणारी प्रशिक्षित माणसे, आणि मागाहून पुन्हा बैठकी लागतात. राजापूर किंवा मंडणगडसारख्या तालुक्यातील विषादग्रस्त बाईला मानसोपचारतज्ज्ञाची पंधरा मिनिटे मिळवण्यासाठी जेथे एसटीने अर्धा दिवस घालवून जिल्ह्याच्या गावी यावे लागते, तेथे एका रुग्णामागे एवढी माणसे एक सबंध दिवस कोणत्या आस्थापनेतून आणावयाची, याची तजवीज प्रतिपक्षाने आपल्या मागणीसोबत जोडलेली नाही. एसिटालोप्रामची गोळी मात्र थोडक्या रुपयांत मिळते, आणि ५९ रुग्णांच्या त्या चाचणीत सायलोसायबिनला तिच्यावर मात करता आली नव्हती. ती गोळी, ती लिहून देणारा डॉक्टर आणि महिन्याभराने ‘बरे वाटते का’ असे विचारणारे कोणी, हे तिन्ही प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नियमाने हजर असावेत, एवढा अर्ज ही मंडळी आरोग्य खात्याकडे करतील, तर त्यावर माझी सही पहिली घ्यावी.